वाट फोनात भरताना

ओल्या लोकरीचा वास आठ दिवस जात नाही म्हणतात. मला पंधरा झाले. साबण लावला, राख लावली, तरी बोटांच्या पेरात तो बसून आहे. आणि या वर्षी मी कातर हातात धरलीसुद्धा नव्हती. गुडघे वाकत नाहीत म्हणून खाटेवर बसून नुसता बघत होतो. एक मेंढी आपल्या हातानं धरावी वाटलं, तेवढी धरली. तेवढ्यावर तो चिकटला.

दिवाळी उलटली, बाजरीची कणसं घरात आली, सकाळच्या उन्हात बसावंसं वाटायला लागलं की आमच्याकडं कातरणी. आमची वस्ती चकलांब्याच्या पुढं, माळावर. पूर्वी सगळ्या वस्तीची मेंढरं नदीच्या डोहावर न्यायचो. एकेक मेंढी धरून पाण्यात ढकलायची, पाठ चोळायची, पलीकडच्या काठाला सोडायची. पाणी असं गार की दात वाजायचे. पण मेंढीच्या लोकरीला एक तेल असतं, ते हाताला लागायचं आणि हात लोण्यासारखे मऊ व्हायचे. वर्षभर काट्याकुट्यात फाटलेले ते हात त्या आठ दिवसांपुरते कुणा शहरातल्या माणसाचे वाटायचे. मी माझेच हात बघत बसायचो.

मेंढरं वाळली की कातर. करकच, करकच. दहा-बारा माणसं ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर एक मेंढी, आणि सगळ्यांच्या कातरीचा एक आवाज. लोकर अशी उतरायची की जणू मेंढीनं अंगातली घोंगडी काढून दिली. उघड्या अंगाची मेंढी लाजल्यासारखी उभी राहायची. तिचं कोकरू यायचं, वास घ्यायचं आणि मागं सरायचं. ही आपली आई नव्हं. मेंढरं कोंडायच्या सगळ्या जाळीभर कोकरं ओरडत फिरायची. मग आई एकदा ओरडायची, त्या आवाजावर कोकरू थांबायचं आणि धावत येऊन लुचायला लागायचं. हे मी साठ वर्षं बघतोय, तरी दरवर्षी काम थांबवून बघतो.

आता लोकर कुणी नेत नाही. घोंगडी विणणारा सणगर वस्तीवर येऊन राहायचा, त्याची पोरं कुठं कुठं नोकरीला लागली. या वर्षीची लोकर बांधाला ढीग करून टाकलीय. त्यावर कुत्री झोपतात.

पण मला कातरणीतलं जे आठवतं ते लोकरीचं नाही. ते भाऊचं आहे. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, सगळी वस्ती त्याला भाऊच म्हणायची. कातरणी झाली की मेंढरं घेऊन आम्ही वाटेला लागायचो, ते आखाडातच माघारी यायचो. चकलांब्यापासून नदीच्या अंगानं खाली, माजलगावचा पाट ओलांडून दिंद्रुड, आणि तिथून सिरसाळ्यापर्यंत. कुठल्या माळाला किती दिवस थांबायचं, पाणी कुठं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची म्हणजे त्याला खत होतं आणि आपल्याला ओसरी मिळते, कुठल्या ओढ्याचं पाणी पाजलं की मेंढी फुगते, हे सगळं भाऊच्या डोक्यात. आणि ते तो कातरताना सांगायचा. पहिली मेंढी मांडीवर घेतली की पहिला मुक्काम. "कवठाचा माळ. पाणी उगवतीला. दोन दिस." आम्ही सगळे कातर न थांबवता म्हणायचो, कवठाचा माळ, पाणी उगवतीला, दोन दिस. ती मेंढी सुटली, दुसरी आली, दुसरा मुक्काम. भाऊच्या हातून तेविसावी मेंढी सुटायची तेव्हा आम्ही बसल्या जागी सिरसाळ्याला पोहोचलेलो असायचो.

लिहायला कुणाला येत नव्हतं. मला येत होतं. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलतो. पण भाऊ म्हणायचा, लिहून ठेवायला आपल्या डोक्याला काय भोकं पडलीत का. मग मी लिहायचं सोडलं. पुढं भाऊ गेला आणि तेवीस मुक्काम माझ्या तोंडात आले. पंचवीस-सव्वीस वर्षं मी ते बोललो. माझ्यासमोर कातर धरलेल्या माणसांनी ते माझ्यामागं म्हटले. माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

मग तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले. आता मेंढरं घेऊन जातात माझा ल्योक ज्ञानोबा आणि सून सुरेखा. खरं सांगायचं तर सुरेखाच नेते. ज्ञानोबा मेंढरांच्या मागं चालतो, ती पुढं. आता कातरताना कुणी मुक्काम म्हणत नाही, फोनवर गाणी लावतात. पण दिवस मावळताना सुरेखाचा फोन येतो. आमची म्हातारी चूल पेटवत असते, मी ओट्यावर बसलेला असतो, आणि फोन वाजतो. आबा, उद्याला पाणी कुठं गावंल? मी लगेच सांगत नाही. जरा खाकरतो. मग सांगतो. तेवढ्या एका फोनासाठी मी दिवसभर तो चार्ज करून ठेवतो, हे मी कुणाला बोललेलो नाही. आता लिहून टाकलं.

मागच्या माघात असाच फोन आला. ते दिंद्रुडच्या पुढं होते. सुरेखानं विचारलं, आणि माझ्या तोंडात काही आलंच नाही. माळ दिसतोय, बाभळी दिसतायत, भाऊ काठी टेकून उभा आहे ते दिसतंय, पण पाणी कुठंय ते नाही. पुसून टाकल्यागत. मी म्हणालो, "हालो, हालो, आवाज येईना गं, रेंज गेली." आणि फोन कापला. माझ्या ओट्यावर रेंजच्या चार काड्या उभ्या होत्या.

जेवलो नाही. सकाळी शेळी पिळताना एकदम आठवलं, चिंचेची विहीर. तसाच उठून फोन केला. सुरेखा म्हणाली, बरं झालं आबा सांगितलं. मला बरं वाटलं. पण भीती बसली ती बसली. आज एक मुक्काम गेला. उद्या दुसरा जाईल. लोकांच्या गायी-म्हशी जातात, पैसा जातो. माझ्याजवळ हे एवढंच होतं.

मग मी शेषरावकडं गेलो. शेषराव माझा लहानपणापासूनचा सोबती, दहावी झालेला, जनावरांच्या दवाखान्यात औषध काढून द्यायचा. आता घरीच असतो आणि फोनमधलं आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. मी त्याला विसरल्याचं सांगितलं नाही. म्हटलं, फोनात लई पसारा झालाय, नीट लावायचाय.

त्यानं माझा फोन घेतला, चष्मा वर केला आणि हसायला लागला. "अबे, तुझ्या एकाच मेंढीच्या खुराचे चाळीस फोटू हायत यात."

"चार खुरं हायत तिला," मी म्हणालो.

पसारा होता हे खरं. हवामानाचे निरोप, लस टोचायचं वेळापत्रक, कुणी पाठवलेले मेंढ्यांच्या रोगाचे व्हिडिओ, बाजारचे भाव, मीच मला पाठवलेले आवाज. चांगलं दिसलं की मी ठेवत गेलो. ठेवलं की आपलं झालं असं मला वाटायचं. शेषरावनं लसीच्या वेळापत्रकावर बोट ठेवलं, तर पांढरं पान आलं. हे पान आता उपलब्ध नाही.

"कावून न्हाई? मी जपून ठेवलं व्हतं."

"तू पत्ता जपला, बे. घर त्यांचं व्हतं. त्यांनी पाडलं."

ही गोष्ट मला लागली. दोन वर्षं मी पत्ते गोळा करत होतो.

फाल्गुनापासून आखाडापर्यंत आम्ही दोघं म्हातारे त्याच्या ओट्यावर बसून हे एकच काम करत होतो. टिपणं आणि इंटरनेटवरून वेचलेलं नीट ठेवायचं अॅप कुठलं घ्यायचं. शेषराव कुठून कुठून याद्या काढायचा, सगळ्यात चांगली दहा, सगळ्यात चांगली सात. प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळा. मी म्हणायचो, यादी करणाऱ्यानं कधी मेंढरं राखली का? तो म्हणायचा, तुला फोन न्हाई, मेंढरूच पायजे. आमचं भांडण व्हायचं, मी उठून घरी यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो.

पहिलं अॅप रंगीत चिठ्ठ्यांचं. पिवळी, गुलाबी, निळी. उघडलं की शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या सांडल्यागत. बाजाराची यादी लिहायला चांगलं, पण तेवीस मुक्काम त्यात टाकले तर कुठला आधी कुठला नंतर ते कळेना. दुसरं अॅप देखणं होतं. खोक्यात खोकं, त्या खोक्यात आणखी खोकं, प्रत्येक पानावर वर एक चित्र. शेषराव त्याच्या प्रेमात पडला. त्यात आम्ही महिनाभर भरलं. मग एके दिवशी मी ते घेऊन वरच्या माळावर गेलो. तिथं रेंज नसते, आणि आमच्या निम्म्या वाटेवर नसते. उघडलं तर पांढरं पान, मधी एक चाक फिरतंय. उभा राहिलो. ऊन तापलं. चाक फिरतच होतं. माझी वाट, माझ्या तोंडची, माझ्या फोनात, आणि बघायला मला दुसऱ्याची परवानगी लागावी? खाली येऊन मी शेषरावला म्हटलं, काढ हे.

काढायला गेलो तर सगळं बाहेर काढायची सोय त्यात सापडेना. शेषरावनं दोन दिवस डोकं घातलं, शेवटी एकेक पान हातानं उतरवून घेतलं. तेव्हा मी त्याला म्हटलं की जाळीत मेंढरं घालायच्या आधी मेंढका बाहेर काढायचं तोंड बघतो. तुझ्या दहावीत हे शिकवलं न्हाई का? त्यावर तो दोन दिवस बोलला नाही.

आणखी एक होतं ते रोज सकाळी विचारायचं, आज तुम्हाला कसं वाटतंय. माझ्या बायकोनं मला आजवर हे विचारलं नाही. ते त्याच दिवशी काढलं.

मग मी अॅपसाठी माझी परीक्षा ठरवली. रेंज नसताना उघडलं पाहिजे. एका हातात काठी असते, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चाललं पाहिजे. भर उन्हात अक्षर दिसलं पाहिजे. वेचलेलं पान पत्ता म्हणून नाही, अख्खं पान म्हणून आत आलं पाहिजे. आणि आपण म्हणू त्या दिवशी सगळं साध्या अक्षरात बाहेर निघालं पाहिजे. शेषराव एकेक अॅप घालायचा, मी माळावर जाऊन यायचो. गुडघे दुखायचे, पण मी कुणाला माळावर पाठवलं नाही. शेवटी एक पास झालं. दिसायला काळं-पांढरं, काही रंग नाही, काही चित्र नाही. शेषरावला ते आवडलं नाही. मला लगेच आवडलं. आमच्या मेंढीसारखं होतं.

त्यात प्रत्येक टिपणाला खूण लावता यायची. शेषराव टॅग, टॅग करत समजावायला लागला. मी म्हटलं, मला समजावू नको, हे आमचंच आहे. कोकरू महिन्याचं झालं की आम्ही कानाला खूण करतो. आमच्या घरची खूण उजव्या कानाला टोकाशी, चुलत्याची डाव्या कानाला. शंभर मेंढरं एका जाळीत मिसळली तरी सकाळी कान बघून वेगळी होतात. फक्त आमच्या मेंढीला दोनच कान. इथं एका टिपणाला वाटेल तेवढ्या खुणा. मी चार ठरवल्या. पाणी, मुक्काम, दुखणं, माणूस. पाणी म्हटलं की सगळ्या वाटेवरचं पाणी रांगेत उभं राहायचं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझे डोळे भरले. उन्हामुळं, असं मी शेषरावला सांगितलं.

पण त्यात वाट भरायची तर ती आधी मला आठवायला पाहिजे. शेषराव फोन समोर धरायचा, बोल म्हणायचा, आणि मी सातव्या मुक्कामावर अडकायचो. परत पहिल्यापासून. परत सातवा. शेषराव माझ्याकडं बघायचा, आणि त्याला काय ते कळलं असणार, पण तो फोनची बॅटरी बघितल्यासारखं करायचा.

मग एक दिवस शेषराव आमच्या ओट्यावर आला होता तेव्हा मी घरात गेलो, आढ्याला खोचलेली जुनी कातर काढली, एक गोणपाट मांडीवर घेतलं आणि कातरायला लागलो. करकच, करकच. म्हातारी दारात येऊन म्हणाली, "गोणपाटाची लोकर काढताय का आता?" मी तिच्याकडं बघितलं नाही. हात चालू होता आणि तोंड आपोआप सुटलं होतं. कवठाचा माळ. पाणी उगवतीला. दोन दिस. सातवा आला, आठवा आला, शेषरावनं पळत येऊन फोन धरला. तेविसाव्या मुक्कामाला गोणपाटाचे धागे माझ्या पायाशी पडले होते आणि माझी पैरण भिजली होती. डोक्यातून जे गेलंय ते हातात होतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माघातल्या त्या दिवशी मी फोन कापला नसता.

सगळं भरून झालं आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी दुसरीच हुरहूर लागली. आता हे सुरेखाच्या फोनात दिलं की झालं. ती अंगठ्यानं बघेल. मग दिवस मावळताना कुणाला कशाला विचारायचं? मी चार महिने ते कुणाला दिलं नाही. अजून पक्कं झालं नाही, अजून दोन गोष्टी राहिल्यात, असं म्हणत राहिलो. शेषराव म्हणायचा, कुणासाठी भरलंस मग?

दिवाळीला मेंढरं घरी होती तेव्हा सुरेखानंच विषय काढला. म्हणाली, आबा, मी पण फोनात काय काय लिहून ठेवते, तुमच्यातच घाला की. सातवी झालेली बाई आहे. मी दुसरीवाला तिला नको कसं म्हणणार? शेषरावनं तिच्या फोनात तेच अॅप घातलं, तिची जुनी टिपणं न निवडता सगळी आत ओढून घेतली आणि दोन्ही फोन जोडले. इकडं लिहिलं की तिकडं दिसणार. कातरणी झाली, तिसऱ्या दिवशी मेंढरं वाटेला लागली. आणि त्या दिवशी मावळतीला फोन वाजलाच. आबा, उद्याला पाणी कुठं गावंल? मी इतका खूश झालो की खाकरायचं विसरलो. अॅप असताना सुद्धा पोरगी मलाच विचारते.

पाच-सहा दिवस असेच गेले. मग एका दुपारी मी तिच्या टिपणांना खुणा लावायला बसलो. तिची टिपणं बिनखुणेची होती, आणि बिनखुणेचं कोकरू मला जाळीत चालत नाही. एकेक उघडायचं, वाचायचं, खूण लावायची. मी सावकाश वाचतो. एक-दोन तिच्या घरच्या गोष्टी होत्या, त्या सोडून दिल्या. मग हे आलं. मागच्या माघातलं.

"दिंद्रुडच्या पुढे. आबांना विचारले. त्यांना आठवेना. रेंज गेली म्हणाले. सकाळी चिंचेची विहीर सांगितली. ती बुजून दोन वर्षे झाली, वरून रस्ता गेला. आम्ही पाटाच्या कडेने गेलो. आबांना सांगायचे नाही. रोज विचारायचे. विचारले की रात्री जेवतात असे आई सांगतात."

आई म्हणजे आमची म्हातारी. तिलाही ठाऊक होतं.

मी अंगठ्यानं टिपणं खाली-वर सारली. आणखी होती. कवठाचा माळ आता कुणी तारेनं बांधून घेतलाय. उगवतीचं पाणी आटलंय. माझ्या तेवीस मुक्कामांतले नऊ उरलेच नव्हते. मी गोणपाट कातरून कातरून जी वाट फोनात भरली, त्यातली जवळजवळ निम्मी जमिनीवर नव्हती, आणि तीन वर्षं ती पोरगी रोज मला विचारत होती, मी सांगत होतो, हो आबा म्हणत होती आणि दुसऱ्याच वाटेनं जात होती.

त्या दिवशी फोन वाजला तो मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हातारी म्हणाली, आवं, वाजतोय. मी म्हटलं, वाजू दे. ताट समोर आलं तसं परत सारलं. मला राग आला होता, आणि राग कुणाचा ते नीट कळत नव्हतं. सुरेखाचा म्हणावं तर तिनं काय केलं? रस्त्याचा म्हणावं तर रस्त्याला मी कोण?

तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसलो होतो, हाताला तोच वास येत होता, आणि मला भाऊची शेवटची कातरणी आठवली. मी ती आजवर कुणाला सांगितली नाही. त्या वर्षी भाऊ मेंढी मांडीवर घेऊन म्हणत होता, आणि चौदाव्या मेंढीला त्यानं पंधरावा मुक्काम म्हटला. मधला एक सुटला. आम्ही दहा-बारा जण ओळीत बसलेलो. कुणाची कातर थांबली नाही. सगळ्यांनी त्याच्यामागं पंधरावा म्हटला. पुढं आणखी दोन सुटले. भाऊ विसाव्या मेंढीलाच सिरसाळ्याला पोहोचला, आणि त्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं. काहीतरी उणं पडलंय हे त्याला कळलं होतं. तो माझ्याकडं बघत होता, कारण मी धाकटा, मला सगळं पाठ. मी मान खाली घातली आणि मेंढीच्या पोटाखालची लोकर काढायला लागलो. वाटेवर आम्ही सुटलेले मुक्काम गुपचूप घेतले. भाऊला दाखवलं नाही. आम्हाला वाटलं आम्ही त्याचा मान राखला.

पण ती नजर. तो मान मागत नव्हता. तो विचारत होता. माझ्या तोंडून ऐकायचं होतं त्याला, अरे भाऊ, मधी तीन राहिले. मी ते बोललो असतो तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, आणि मग त्या तिन्ही जागा परत म्हटल्या असत्या. त्या वाटेवर तो मुक्कामाला पोहोचला की इकडंतिकडं बघायचा, परक्या गावात उतरल्यासारखा. चूक लपवून आम्ही त्याला वाटेतून काढून टाकलं होतं. फागणात तो गेला.

दिवस कलला. म्हातारीनं चूल पेटवली. धूर ओट्यावर आला आणि फोन वाजला. मी उचलला. पलीकडं मेंढरांचा आवाज, ज्ञानोबा कुणाला तरी हाका मारतोय, आणि सुरेखा धापा टाकत होती. दोन दिवस फोन का उचलला नाही, तब्येत बरी आहे का, असं विचारत होती. मग जरा थांबून नेहमीच्या आवाजात म्हणाली, आबा, माजलगावच्या अलीकडं मुक्काम कुठं धरावा?

मी म्हणालो, "सुरेखा, चिंचेची विहीर बुजली का?"

पलीकडं नुसती मेंढरं ऐकू येत होती. मला वाटलं आता ती म्हणेल रेंज गेली.

"बुजली आबा," ती म्हणाली. "मला माफ करा."

"माफ कशाला. बुजवली तू का? बरं, आता तुमी जाता ती वाट सांग मला. पहिल्यापासून. सावकाश सांग, मी लिहितो."

ती आधी अडखळली. मग सांगायला लागली. कुठल्या बाईच्या रानात आता मेंढरं बसवतात, कुठं पाइपातून पाणी पडतं, कुठल्या पुलाखाली सावली मिळते. यातलं एकही नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. मी अंगठ्यानं लिहीत होतो, आणि ती पुढं पळाली की म्हणत होतो, थांब. म्हातारी ताट घेऊन येऊन उभी राहिली होती, तिला मी हातानंच बस म्हटलं.

"पाट ओलांडला की डाव्या अंगानं," मी लिहिता लिहिता म्हणालो.

"न्हाई आबा. उजव्या."

मी डाव्या खोडलं आणि उजव्या लिहिलं.